वाए रेबो : डोंगरातल्या सात घरांच्या गावाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बालीला जाऊन आलेले लोक आता गल्लोगल्ली भेटतात. फ्लोरेसला गेलेलं क्वचित कोणी भेटतं, आणि भेटलंच तर ते कोमोडोच्या घोरपडी बघून परत आलेलं असतं. त्यामुळे मी वाए रेबोचे फोटो दाखवले की तेच ते प्रश्न येतात. आमच्या ट्रेकच्या ग्रुपवर प्रत्येकाला वेगळं उत्तर टाइप करून बोटं दुखली, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते आहे.

हे गाव नेमकं आहे कुठे?

इंडोनेशियाच्या नकाशावर बालीवर बोट ठेवा आणि पूर्वेकडे सरकत जा. लोंबोक, सुंबावा, मग कोमोडोची चिमुकली बेटं, आणि त्यांच्या पुढे लांबट, डोंगराळ फ्लोरेस. या बेटाच्या पश्चिम भागात मांगाराय लोक राहतात. त्यांच्या मुलखात, दक्षिण किनाऱ्यापासून आत डोंगरात, समुद्रसपाटीपासून हजार-अकराशे मीटर उंचीवर वाए रेबो आहे. गावापर्यंत गाडीरस्ता नाही. चहूबाजूंनी जंगल, मधे बशीसारखी सपाट जागा आणि त्या बशीत सात गोल घरं.

मांगाराय भाषेत ‘वाए’ म्हणजे पाणी. त्या भागात वाए अमुक, वाए तमुक अशी नावं पावलोपावली लागतात. आपल्याकडच्या ‘पाणवठा’, ‘झरी’, ‘पिंपळाचं पाणी’ यांच्यासारखीच.

पोचायचं कसं?

आधी बाली. तिथून फ्लोरेसच्या पश्चिम टोकाच्या लाबुआन बाजो शहराला विमान, तास-सव्वातासाचं. पुढे गाडी करून देंगे गाव, पाच-सहा तास. हो, गावाचं नाव खरंच ‘देंगे’ आहे आणि त्यावरचे सगळे विनोद आमच्या गाडीत करून झाले आहेत. वाटेत दिन्तोर लागतं. तिथून समुद्रात उठून बसलेलं मुलेस बेट दिसतं, तेवढ्यासाठी गाडी थांबवा. दुसरा मार्ग रुतेंग या थंड हवेच्या शहरावरून येतो. तिकडून लाकडी बाकं ठोकलेला ट्रक चालतो, त्याला ‘ओतो कोल’ म्हणतात. माणसं, कोंबड्या, तांदळाची पोती, सिमेंट, सगळं एकत्र. कंबर चांगली असेल तरच त्याच्या वाटेला जा.

भारतीयांना इंडोनेशियात उतरल्यावर व्हिसा मिळतो, ३० दिवसांचा, ५ लाख रुपिया भरून. आकडा ऐकून छातीत धस्स होतं, पण त्यांच्याकडे चहाचा हिशोबही हजारांतच होतो. फ्लोरेसचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे.

चढण कितपत अवघड आहे?

सह्याद्रीत नियमित फिरणाऱ्याला अजिबात जड नाही. पूर्वी देंगेपासूनच पायी निघावं लागायचं, साधारण ९ किलोमीटर. आता वाए लोम्बा नावाच्या ओढ्यापर्यंत मोटरसायकलवाले सोडतात आणि तिथून दोन-तीन तासांची वाट उरते. ओढ्यापासून पोचोरोको नावाच्या ठिकाणापर्यंतचा टप्पा दम काढतो. पुढे वाट डोंगराच्या कुशीतून जवळजवळ आडवी जाते. पाऊस झालेला असेल तर मात्र चिखल आणि जळवा. मोजे पँटवर ओढून घ्या.

माझा गुडघा पहिल्या तासातच कुरकुरायला लागला. वाटाड्या वळून म्हणाला, “काकी साकित?” मला वाटलं, या पोराने मला थेट काकी करून टाकलं! इंडोनेशियन भाषेत काकी म्हणजे पाय आणि साकित म्हणजे दुखणं. विचारपूस करत होता बिचारा.

कधी जावं?

मे ते ऑक्टोबर कोरडा काळ. नोव्हेंबरपासून पाऊस. मी जूनअखेरीस गेले होते, तेव्हा कॉफीची तोडणी चालू होती. नोव्हेंबरमध्ये ‘पेंती’ हा मांगाराय नववर्षाचा सण येतो. सुगीचे आभार मानायचे, पूर्वजांना नैवेद्य दाखवायचा, ढोल-गाणी, आणि ‘चाची’ हा चाबूक-ढालीचा खेळ. एकाने फटका मारायचा, दुसऱ्याने अडवायचा. पावसाची आणि गर्दीची तयारी असेल तर तेव्हा जा.

गावात शिरण्याआधी बांबू वाजवावा लागतो म्हणे. हा पर्यटकांसाठी केलेला देखावा आहे का?

हा प्रश्न विचारणाऱ्याच्या आवाजात नेहमी थोडी शंका असते. माझ्याही मनात होती, म्हणून जरा सविस्तर सांगते.

जंगल संपतं तिथे गावाच्या वर एक झोपडं आहे. त्याला ‘रुमाह कासिह इबू’ म्हणतात, म्हणजे आईच्या मायेचं घर. तिथून पहिल्यांदा खाली सात घरं दिसतात. झोपड्यात पोकळ बांबू टांगलेला आहे. वाटाड्या तो ठरावीक तालात वाजवतो आणि खाली कळतं की पाहुणे आले. आपण कोणाच्या वाड्यात शिरताना खाकरतो, “आहे का कोणी घरात?” म्हणतो, तसंच हे.

खाली उतरल्यावर कॅमेरा बॅगेतच ठेवायचा. आधी सरळ मुख्य घरात जायचं. दार इतकं बुटकं की वाकल्याशिवाय आत जाताच येत नाही. आत अंधार, धुराचा वास, आणि चटईवर बसलेले गावातले वडीलधारे. पाहुण्याने पाकिटात थोडी रक्कम ठेवून ती त्यांच्या हाती द्यायची. मग ते मांगाराय भाषेत पूर्वजांशी बोलतात. या विधीला ‘वाए लू’ म्हणतात. कोण आलंय, कुठून आलंय ते पूर्वजांना सांगायचं, आणि इथे असेपर्यंत व परत घरी पोचेपर्यंत यांना सांभाळा अशी विनंती करायची. आमच्या वाटाड्याने समजावलं ते असं : इथे येणारा परका नसतो, बाहेरगावी गेलेलं लेकरू घरी आलं असं धरतात.

कोकणात ज्यांनी गाऱ्हाणं ऐकलं असेल त्यांना हे लगेच कळेल. तोच खालच्या पट्टीतला सूर, तेच देवाशी घरच्यासारखं बोलणं, फक्त शेवटी ‘व्हय म्हाराजा’ नव्हतं. माझ्या तोंडून ते निघता निघता राहिलं. पर्यटकांमुळे हा विधी आता दिवसातून अनेकदा होत असेल, हे खरं. पण विधी होईपर्यंत फोटो काढायचे नाहीत आणि गावात भटकायचं नाही, हा नियम सगळ्यांना सारखाच आहे. आमच्या पुढे आलेल्या एका गटातल्या मुलाने मोबाइल वर केला, तर वाटाड्याने हसत हसत त्याचा हातच खाली केला.

ही घरं आतून कशी आहेत?

घराला ‘म्बारू नियांग’ म्हणतात. लांबून गवताची प्रचंड गंजी वाटते, कारण भिंत अशी नाहीच. छपरच शेंड्यापासून जवळजवळ जमिनीपर्यंत उतरतं. मुख्य घर सुमारे १५ मीटर उंच आहे, आपल्याकडच्या चार-पाच मजली इमारतीएवढं. जमीन खांबांवर उचललेली. छपराला ताडवर्गीय झाडाचा काळा काथ्या आणि गवत. सांधे वेताने आणि दोराने बांधलेले, खिळा नाही.

आत एकावर एक पाच मजले. सगळ्यात खाली ‘लुतूर’, माणसांची राहण्याची जागा. त्यावर ‘लोबो’, घरातल्या धान्याचा आणि सामानाचा माळा. त्यावर ‘लेंतार’, तिथे पुढच्या पेरणीचं बियाणं. मग ‘लेम्पा राए’, पीक बुडालं तर लागेल म्हणून राखून ठेवलेलं धान्य. अगदी शेंड्यात ‘हेकांग कोदे’, पूर्वजांच्या नैवेद्याची जागा. या क्रमाचा मी बराच वेळ विचार करत बसले होते. माणसाच्या डोक्यावर आजचं जेवण, त्याच्या वर उद्याची पेरणी, त्याच्या वर दुष्काळाची काळजी आणि सर्वांत वर पूर्वज. आपली कणगी, माळा आणि देव्हारा एकाच खांबावर उभे केले तर असंच काहीतरी होईल.

मुख्य घरात आठ कुटुंबं, बाकीच्या घरांत सहा-सहा. चूल घराच्या मधोमध. धूर छपरातून झिरपत बाहेर जातो आणि जाता जाता लाकडाला, गवताला धुरी देतो, त्यामुळे कीड लागत नाही. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं घराला आग लागली आहे. डोळे चुरचुरतात, आणि नंतर चार दिवस स्वेटरला वास येतो.

सातच घरं का? लोक वाढले की आठवं बांधत नाहीत?

नाही बांधत. सात ही संख्या पूर्वजांनी ठरवून दिलेली आहे. मधल्या मोकळ्या जागेत दगडांचा गोल चौथरा आहे, ‘चोम्पांग’. गावाचं पवित्र ठिकाण ते. आपल्या पारासारखा दिसतो, पण पारावर बसतात तसं त्यावर बसायचं नाही. सगळी घरं त्याच्याभोवती उभी आहेत. वाढलेली कुटुंबं डोंगराखाली कोम्बो या गावात राहतात. शाळाही तिथेच आहे, त्यामुळे शाळेच्या वयाची मुलं कोम्बोत आणि शेतीकामाची माणसं वर, अशी विभागणी. वर तुम्हाला म्हातारी माणसं, कामाची माणसं आणि अगदी लहान पोरं दिसतील. शाळेला सुट्टी लागली की चित्र बदलतं. आपल्याकडे मे महिन्यात गावचं घर भरतं, तसं.

पण घरं तर अलीकडे नव्याने बांधली आहेत ना? मग ती खरी कशी म्हणायची?

कोणीतरी इंटरनेटवर वाचून हा प्रश्न टाकतंच. तर घडलं ते असं. २००८ मध्ये इंडोनेशियाचे वास्तुरचनाकार योरी अंतार काही सहकाऱ्यांबरोबर इथे आले, तेव्हा सातांपैकी चारच घरं उभी होती. बाकीची पडली आणि परत उभारण्याइतका पैसा नव्हता. नव्या पिढीला घर बांधण्याचं काम बघायलाच मिळालेलं नव्हतं. मदत बाहेरून आली, पण लाकूड कुठलं निवडायचं, कधी तोडायचं, कोणता विधी आधी करायचा आणि गाठ कशी मारायची हे गावातल्या जाणत्यांनीच सांगितलं आणि बांधलंही गावाने. शहरातून आलेले स्थापत्यशास्त्राचे विद्यार्थी शेजारी उभे राहून नोंदी घेत होते. २०११ पर्यंत सातही घरं उभी राहिली. २०१२ मध्ये युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारांमधला सर्वोच्च पुरस्कार या कामाला मिळाला आणि २०१३ च्या आगाखान वास्तुकला पुरस्काराच्या अंतिम यादीतही ते होतं.

आता खरं-खोटं. ज्यांनी दर पावसाळ्याआधी घर शाकारलेलं पाहिलं आहे ते हा प्रश्न विचारत नाहीत. गवत कुजतं, खांब झिजतो, तो बदलायचाच असतो. लाकूड नवं आहे की जुनं यापेक्षा ते बदलता येणारी माणसं गावात शिल्लक आहेत का, हे मला महत्त्वाचं वाटतं. वाए रेबोत ती संपत आली होती आणि आता पुन्हा आहेत.

मूळचे कुठले हे लोक?

गावाचा मूळपुरुष एम्पो मारो. ‘एम्पो’ म्हणजे आजोबा, पूर्वज. तो सुमात्रातल्या मिनांगकाबाऊ मुलखातून होडीने आला, फ्लोरेसमध्ये ठिकठिकाणी थांबत, तिथून उठत, शेवटी इथे स्थिरावला अशी त्यांची कथा आहे. या भटकंतीत संकटाच्या वेळी एका उदमांजराने त्याला वाचवलं, म्हणून वाए रेबोची माणसं उदमांजर मारत नाहीत आणि खात नाहीत. मांगाराय कुळांमध्ये अशा वर्ज्य गोष्टीला ‘चेकी’ म्हणतात. आपल्याकडे देवक असतं, त्याच्या जवळचीच ही कल्पना. मला गंमत वाटली ती याची, की बालीत पर्यटकांना उदमांजराच्या विष्ठेतून काढलेल्या बियांची महागडी कॉफी पाजायला हाच प्राणी पिंजऱ्यात कोंडलेला बघून मी दोनच दिवसांपूर्वी निघाले होते.

धर्म कोणता? आणि गोव्याशी काही संबंध आहे का?

फ्लोरेस बहुसंख्य कॅथलिक आहे. वाए रेबोचे लोकही कॅथलिक आहेत आणि पूर्वजांनाही तितकंच मानतात. यात त्यांना काही अडचण वाटत नाही. माऊंट मेरीला नवस बोलणाऱ्या मुंबईकराला तर वाटूच नये.

गोव्याचं म्हणाल तर दोन उत्तरं आहेत. बेटाचं नाव पोर्तुगीज आहे, फ्लोरेस म्हणजे फुलं. बेटाचं पूर्व टोक आणि शेजारचं सोलोर इथे पोर्तुगीज सोळाव्या शतकात येऊन बसले होते, आणि तिमोर-सोलोरचा त्यांचा कारभार १८४४ पर्यंत गोव्याच्या अखत्यारीत होता. १८५९ च्या तहाने त्यांनी फ्लोरेसवरचा हक्क डचांना पैशाच्या बदल्यात सोडून दिला. पण हे सगळं पूर्वेकडचं. मांगारायमध्ये मिशनरी पोचले ते विसाव्या शतकात, डच अमलात. त्याआधी इथे सत्ता सांगत होते ते सुंबावातल्या बिमाचे सुलतान आणि सुलावेसीतल्या मकासरचं ‘गोवा’ राज्य! त्याचा आपल्या गोव्याशी काडीचाही संबंध नाही, फक्त नावाचा योगायोग. मांगाराय बोलण्यात मान देताना ‘क्राएंग’ म्हणतात, तो शब्द या दुसऱ्या गोव्याकडून आलेला.

भाषेची अडचण येते का?

वाटाड्यांना कामापुरतं इंग्रजी येतं. बाकीच्यांशी इंडोनेशियन. चार शब्द शिकून जा, पण मराठी कान जपून वापरा. ‘गराम’ म्हणजे मीठ. मी सकाळी कुडकुडत स्वयंपाकघरात जाऊन “गरम, गरम” म्हणत हातवारे केले आणि बाईंनी प्रेमाने मिठाची वाटी पुढे केली. गरम पाण्याला ‘आइर पानास’ म्हणतात. ‘सुसू’ म्हणजे दूध, हे लहान मुलं बरोबर असतील तर आधीच सांगून ठेवा. आणि मांगाराय भाषेत ‘नाना’ म्हणजे पोरगा. आमच्या ग्रुपमधल्या सत्तरीच्या नानांना आम्ही हाक मारली की आजूबाजूची दोन-तीन पोरं वळून बघायची.

शाकाहारी माणसाचं काय होणार?

उपाशी राहणार नाही, पण आधी सांगावं लागेल. जेवण म्हणजे भात, पालेभाजी किंवा चायोटे या फळाची भाजी, अंडं किंवा कोंबडी, सोबत सांबाल ही तिखट चटणी. “साया तिदाक माकान दागिंग दान इकान” हे वाक्य पाठ करा : मी मांस आणि मासे खात नाही. खरी मेख सांबालमध्ये आहे. त्यात बहुतेक वेळा ‘तेरासी’ म्हणजे आंबवलेल्या कोळंबीचा गोळा असतो, आणि क्रुपुक या कुरकुरीत पापडातही कोळंबी असू शकते. कडक पाळणाऱ्यांनी मेतकूट, शेंगदाण्याची चटणी आणि थालीपीठ बरोबर ठेवावं. तांदूळ खालून डोक्याखांद्यावर वाहून आणलेला असतो, तेवढं लक्षात ठेवून ताटात घ्या.

राहायची सोय?

पाहुण्यांसाठी ठेवलेल्या गोल घरात. गाद्या चाकाच्या आऱ्यांसारख्या मांडलेल्या, उशी, गोधडी. वेगळी खोली नाही, त्यामुळे घोरणाऱ्यांची ओळख पहिल्याच रात्री होते. शौचालयं बाहेर, पाणी बर्फासारखं. वीज संध्याकाळी काही तास, मोबाइलला रेंज नाही.

खर्च किती?

मुक्काम आणि जेवण धरून माणशी ३ लाख २५ हजार रुपिया, म्हणजे आपले १७००-१८०० रुपये, असा दर मी गेले तेव्हा होता. न राहता परतणाऱ्यांना २ लाख २५ हजार. दर बदलत राहतात, निघण्यापूर्वी विचारून घ्या. वाटाड्या, मोटरसायकल, विधीची रक्कम हे वेगळं. एटीएम लाबुआन बाजो किंवा रुतेंगला, पुढे रोखच. पर्यटनाचा पैसा गावाच्या सामायिक व्यवस्थेतून फिरतो, म्हणून एखाद्या घराशी परस्पर घासाघीस करू नका. ते फार वाईट दिसतं.

मुलांसाठी चॉकलेटं न्यावीत का?

नका नेऊ. एकाने वाटली की पुढच्या प्रत्येकापुढे हात पसरले जातात. काही द्यायचंच असेल तर वाटाड्याला विचारून वडीलधाऱ्यांच्या हाती द्या.

विकत घेण्यासारखं काय आहे?

कॉफी. अंगणात चटयांवर बिया वाळत असतात, पावसाचं चिन्ह दिसलं की सगळं गाव धावत येऊन त्या गोळा करतं. मी बसले होते तिथे एका आजीने बिया पाखडायला सूप माझ्याकडे दिलं. सूप आपल्यासारखंच, पण मनगटाचा झटका वेगळा. माझ्या निम्म्या बिया जमिनीवर. त्यांनी काही न बोलता सूप परत घेतलं आणि मला वेचायला बसवलं. शिवाय बायका मागावर विणतात ती वस्त्रं मिळतात. एका कापडाला आठवडे लागतात, किंमत त्या हिशोबाने बघा.

एका दिवसात जाऊन येता येईल?

येतं. पण दुपारी ढग बशीत उतरतात आणि समोरचं घरही दिसेनासं होतं. पहाटे ते वर सरकतात तेव्हा आधी शेंडे दिसतात, मग छपरं, मग छपरांतून निघणारा चुलीचा धूर. ढग कुठे संपला आणि धूर कुठे सुरू झाला हे कळत नाही. त्यासाठी रात्र काढावी लागते.

आईवडिलांना चढण झेपणार नाही. त्यांच्यासाठी काही?

रुतेंगजवळ चानचार आहे. तिथे पंधरा मिनिटांच्या चढावरून ‘लिंगको’ शेतं दिसतात : कोळ्याच्या जाळ्यासारखी. मधल्या बिंदूपासून बाहेर जाणाऱ्या पाचरी, एकेका कुटुंबाच्या वाट्याच्या. वाए रेबोचं घर वरून उघडून बघावं तसाच आकार. रुतेंगहूनच लियांग बुआ ही गुहा बघता येते. २००३ मध्ये तिथे जेमतेम मीटरभर उंचीच्या प्राचीन मानवाची हाडं सापडली. वाटेवर तोदो गावात मांगाराय राजांचं घर आहे. तिथे एक लहानसा ढोल जपून ठेवला आहे. तो एका मुलीच्या कातडीचा आहे अशी दंतकथा सांगतात. माझ्या आईने ती ऐकली आणि ढोल बघायला आत जायचं साफ नाकारलं, बाहेर अंगणात बसून केळी खाल्ली.